सात-एला उद्या किती

आमच्या कंपनीत दोन माणसं आणि एक कूलर आहे. कूलर जानेवारीतही चालू असतो, कारण तो माणसांसाठी नाही, मशीनसाठी आहे. माणसं स्वेटर घालून त्याच्यासमोर बसतात. ऑफिस जुनवानीत, एका ब्यूटी पार्लरच्या वर. खालून हेअर स्प्रेचा वास येतो, वरून कबुतरांचा, आणि मधे बसून आम्ही भिलाईचं दूध सांभाळतो.

दूध सांभाळतो म्हणजे, रोज संध्याकाळी सहाला आमचं मशीन सांगतं की उद्या सकाळी कोणत्या घरी अर्ध्या लिटरची किती पाकिटं टाकायची. हे मशीनला सांगावं लागतं, कारण भिलाईतला माणूस दूधवाल्याला आदल्या दिवशी काही सांगत नाही. पाकीट पिशवीत पडल्यावर सांगतो. न लागलेलं पाकीट तो फाटकाच्या पिशवीतच सोडतो आणि दूधवाला साडेसातच्या फेरीत ते घेऊन जातो. याला वापसी म्हणतात. सेक्टर ६ चे बाबुलालकाका पूर्वी रोज चाळीस-चाळीस पाकिटं वापसी न्यायचे आणि दुपारी घरी त्याचं पनीर करायचे. त्यांच्या घरच्यांनी पनीर खाणं सोडलं तेव्हा ते आमच्याकडे आले.

आमच्याकडे म्हणजे ताईकडे. तेव्हा कंपनीत तीन माणसं होती. ताईचं नाव अपेक्षा. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि हे ती दिवसातून चार वेळा सांगायची.

डेटाबेस म्हणजे एक मोठी नोंदवही. काल काय झालं ते तिला विचारा, सांगेल. उद्याचं विचारलं तर गप्प. ताईने त्या वहीला बाहेरून एक जोड लावली, उद्याचं सांगणारी. अशा जोडीला एक्स्टेन्शन म्हणतात. आतमध्ये ती एक लायब्ररी असते, म्हणजे एक फाइल. ताईने तिचं नाव 'अंदाजे' ठेवलं. पहिली चांगली चाललेली आवृत्ती १.४, ती सेक्टर ६ ला लावली. मग कॅम्प-१ चं काम आलं, तिथली घरं वेगळी, सणवार वेगळे, म्हणून १.७. मग जुनवानीसाठी २.०. ती मी लिहिली. ताई तेव्हा नव्हती.

तिन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहतात. सेक्टर ६ ची वही उघडली की ती आपली १.४ उचलते, बाकीच्या दोघींकडे बघतही नाही. घर एक, जावा तीन, चुली तीन, आणि भांडण नाही. हे फक्त कॉम्प्युटरात शक्य आहे.

२.० मध्ये मी एक गोष्ट वाढवली. घरात माणसं किती, हा रकाना. माणूस कमी झालं की दूध कमी. मला तेव्हा ती सुधारणा वाटली होती.

ताईला मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरात ताप आला. डेंग्यू. नऊ दिवस. त्यातले शेवटचे चार ती काही बोलली नाही. यात विनोद करण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही. शोधतो आहे.

सोमवारी कमलेश भैय्या म्हणाले, "शुक्रवारपर्यंत १.४ काढून टाक. नवीन मशीन येऊन राहिली. तिच्यावर तुया ताईची जुनी चालत नाई." कमलेश भैय्या कंपनीचे मालक. ते खोकले. "म्हणजे, लायब्ररी."

"समजलं," मी म्हटलं.

काढायच्या आधी तिन्ही आवृत्त्या एकाच वहीवर चालवून बघायच्या, असा आमच्यात नियम आहे. नियम ताईचाच. सेक्टर ६ मध्ये आमची तीनशे बारा क्वार्टरं. तीनशे तीन ठिकाणी तिघी एकच बोलल्या. नऊ ठिकाणी १.४ एक पाकीट जास्त सांगत होती. तीनशे बारात नऊ म्हणजे काहीच नाही. जुनी चुकते, नवी बरोबर, निकाल लागला. मी खूश होऊन समोसा मागवला.

समोसा येईपर्यंत मी वापसी पाहिली. त्या नऊ घरांतून वर्षभरात एकही पाकीट परत आलेलं नव्हतं. म्हणजे जास्तीचं दूध कोणीतरी संपवत होतं.

मग माणसांचा रकाना पाहिला. बाबुलालकाका त्यात आकड्यापुढे कारणही लिहितात, कोणी सांगितलेलं नसताना. बदली. लग्न. एक्सपायर. बदली होऊन गेलेल्यांचं दूध १.४ ने पंधरा दिवसांत आपोआप कमी केलं होतं. लग्न होऊन गेलेल्या मुलींचंही. एक्सपायर लिहिलेली घरं सतरा. आठ ठिकाणी कमी झालं होतं. नऊ ठिकाणी नाही.

यादीत सातवी ओळ होती: सडक ३१, क्वार्टर ७ए, तीन पाकिटं.

७ए आमचं घर आहे. मी, आई, बाबा. तिघांना दोन पाकिटं पुष्कळ होतात. आमच्याकडे रोज तीन येतात हे मला त्या घरात राहून माहीत नव्हतं. मी आठला उठतो. दूध मला चहा होऊनच भेटतं.

समोसा थंड झाला. १.४ ला कारण विचारायची सोय आहे. हा आकडा का, असं विचारलं की ती एक-दोन शब्दांत सांगते: पाहुणे, उपास, परीक्षा, फर्स्ट शिफ्ट. ताईने अशी अकरा कारणं लिहून ठेवली होती. मी सातव्या ओळीचं कारण विचारलं.

उत्तर आलं: घरी आहे.

बाकीच्या आठांचं विचारलं. घरी आहे. आठही ठिकाणी तेच.

मी कोड उघडला आणि शोधलं. अकराच कारणं होती. 'घरी आहे' त्यांत नव्हतं. १.७ मध्येही नव्हतं. २.० मध्ये तर कारण विचारायची सोयच नाही. ती मी काढली होती, त्याने मशीन हळू चालतं म्हणून.

माझी श्रद्धा बग्जवर आहे. बग म्हणजे चूक, आणि चुकीला पत्ता असतो. म्हणून मंगळवारी मी पत्त्यावर गेलो. यादीतली पहिली ओळ आमच्याच बाजूला, सडक २९. सिंधुताई काकू. लीजचं क्वार्टर, पुढे पेरूचं झाड, मागे तुरीच्या काड्यांचा ढीग. त्यांचे मिस्टर, भैय्याजी काका, स्टील प्लांटात कोक ओव्हनला होते. दोन वर्षांपूर्वी गेले. काकू एकट्या राहतात. यादीत दोन पाकिटं.

"काकू, दूध दोन पाकिटं लागते का तुमाले?"

"हाव."

"एकट्याले?"

"एक माह्यं. एक त्याईचं."

मी मोबाइलवर काहीतरी लिहून घेतल्यासारखं केलं. "म्हणजे नैवेद्य दाखवता का?"

"नैवेद्य कायचा? त्याईले दूध लागते. गिलासात काढून वट्यावर ठेवते अन् आंघोळीले जाते. आली का गिलास रिकामा."

"मांजर असंल."

"मांजर गिलास विसळून पालथा घालत नाई बेटा." काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. "हेही कधी घालत नव्हते. चाळीस वर्षं सांगितलं. आता घालतात. सुधारले."

मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. त्यांनी एक पेरू दिला, आईला द्यायला.

बुधवारी मी साडेपाचला उठलो. बाबा शिफ्टला निघून गेले होते. धुकं होतं. प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबडं दिसत होतं, ते आमच्याकडे पहाटेही असंच असतं आणि पहाटेशी त्याचा काही संबंध नसतो. आमचं पुढचं दार सताड उघडं होतं. आई मला बघून दचकली.

"तू कावून उठला?"

"असाच."

"असाच कोनी उठत नाई."

बाबुलालकाकांची स्कूटर आली, थांबली, गेली. आईने पिशवीतून तीन पाकिटं आणली. दोन कात्रीने कापून पातेल्यात ओतली. तिसरं ओट्यावर ठेवलं, भिंतीला टेकवून. मग झाडू घेतला आणि अंगणात निघाली. मी ओट्यापाशीच उभा.

"शुभू, बाहेर ये."

"मी इथंच..."

"तिथं उभा राहू नको. तुयासमोर नाई पेत ती."

मी बाहेर गेलो. आई फाटकापासून पायरीपर्यंत झाडत आली. झाडायला काही नव्हतं. एवढ्या सावकाश मी कोणालाही झाडताना पाहिलेलं नाही. मागे स्वयंपाकघरात पाणी सोडल्याचा आवाज झाला आणि बंद झाला. मी वळलो तर आईने झाडू माझ्या पोटरीला लावला. जोरात नाही. गाईला लावतात तसा.

आत आलो. आमच्याकडे दुधाची पाकिटं धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवतात. वाळली की रद्दीवाल्याला. आईने पाकिटं अजून धुतली नव्हती. दोन पातेल्याशेजारी पडलेली होती, कात्रीने सरळ कापलेली. तिसरं धुऊन टाइलवर चिकटवलेलं होतं. त्यावरून पाणी ओघळत होतं आणि त्याचा कोपरा दातांनी तोडलेला होता.

ताई पाकीट दातांनी तोडायची आणि कच्चंच प्यायची. सगळ्या शहाण्या माणसांना ही वाईट सवय वाटायची, म्हणजे आईला. मी जवळ जाऊन पाहिलं. आईच्या पुढच्या दातांना कवळी आहे. काकूंचा पेरूही ती चाकूने कापून खात होती.

"किती डाव सांगितलं," आई म्हणाली, "कात्री घेत जा." ती चिडलेली होती. मनापासून, रोजच्यासारखी. आईचा तो आवाज मी पंधरा महिन्यांत ऐकला नव्हता.

ऑफिसला जाऊन मी १.४ काढायला बसलो. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल, लहान आहे.

डेटाबेसशी बोलायला बसलं की सेशन सुरू होतं. उठेपर्यंत ते एकच. त्या सेशनमध्ये तुम्ही लायब्ररीला पहिला प्रश्न विचारला की ती जी काय आवृत्ती असेल ती येऊन बसते, आणि मग तुम्ही उठेपर्यंत ती हलत नाही. त्यामुळे आवृत्ती बदलायची तर नव्याने बसायचं आणि पहिलं वाक्य 'बदल' हेच बोलायचं. आधी हाक मारायची नाही. हाक मारली की जुनी आली.

मी नव्याने बसलो आणि विचारलं: ३१, ७एला उद्या किती? तीन. मग म्हटलं, बदल. मशीन म्हणालं, आता जमणार नाही, जुनी आत आहे.

उठलो. नव्याने बसलो. ७एला उद्या किती? तीन.

असं मी बुधवारी अकरा वेळा केलं. कमलेश भैय्या मागून बघत होते. "तू पह्यले विचारून कावून राहिला बे?"

"चुकून."

"अकरा डाव?"

"सवय आहे."

ते मफलर गुंडाळून कूलरसमोर बसून राहिले.

गुरुवारी दुपारी बाबा शिफ्टवरून आले. ते रेल मिलला आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं. अंगणात उन्हात खाट टाकून बसले होते, पायात अजून सेफ्टी शूज. आई आत झोपली होती. मी सुट्टी टाकली होती, म्हणजे कूलरला सांगून आलो होतो.

"तुया मशीनमधूनच तीन येते न?" बाबा म्हणाले.

"हो."

"दोन कर."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"तुया आईले पाह्य. पंधरा महिने झाले, सडकेच्या बाहेर पाय नाई टाकला. मामाच्या पोरीचं लग्न झालं गोंदियाले, नाई गेली. सकाळी कोनी घरी पाह्यजे म्हन्ते. मी मेलो तं घाटावर बी येनार नाई. दूध घ्याचं राह्यते म्हनंल."

हा विनोद होता. बाबांचे विनोद असेच असतात, मी त्यांच्यावर गेलो आहे.

"आणि ताई?" मी म्हटलं.

बाबा बराच वेळ बुटाची नाडी सोडत होते. ती सुटलेलीच होती.

"मी पावने पाचले उठतो. वट्यापाशी चहा करतो. मांगं कोनी उभं असल्यावानी वाटते. तिले चहात अद्रक लागे न, तं मी थोडं टाकतो. पन मांगं पाह्यत नाई. पंधरा महिन्यांत एक डाव नाई पाह्यलं. पाह्यलं असतं तं मी शिफ्टले गेलोच नसतो." त्यांनी बूट काढून खाटेखाली सरळ लावले. "ती गेली बेटा, ते मी पचवलं. तुया आईले बी घेऊन जाऊन राहिली. दोन कर."

शुक्रवारी दुपारी नवीन मशीन खोक्यातून आलं. खोक्यावर लिहिलं होतं, ही बाजू वर, आणि ते आडवं ठेवलेलं होतं. चार वाजता मी नव्याने बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवले थोडा वेळ. मग काही न विचारता पहिलं वाक्य लिहिलं: बदल.

काही झालं नाही. नकारही नाही. मशीन नुसतं थांबून राहिलं.

"कोनं अडवून ठेवलं पाह्य," कमलेश भैय्या म्हणाले. "दुसरं सेशन उघडं असंल कोनाचं."

आवृत्ती बदलायची तर जुनी वापरत असलेले सगळे उठावे लागतात. कोण कोण बसलं आहे त्याची यादी मी काढली. दोन ओळी होत्या. एक माझी.

दुसरीत नाव होतं अपेक्षा.

सेशन सुरू झाल्याची वेळ: पंधरा महिन्यांपूर्वी, सकाळी ९:१२. त्या दिवशी आम्ही तिला दहाला दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर मशीन सहा वेळा बंद करून चालू केलं होतं, एकदा मीच, दिवाळीत धूळ काढायला. मशीन बंद झालं की सगळी सेशनं संपतात. आणि त्या नावाचं खातंही राहिलेलं नव्हतं. ते मी डिसेंबरात काढून टाकलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, म्हणून लक्षात आहे.

पुढच्या रकान्यात तिचा शेवटचा प्रश्न दिसत होता.

३१, ७एला उद्या किती?

वेळ आजची. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

मी यादी पुन्हा काढली. प्रश्न तोच. वेळ चार वाजून तीन मिनिटं.

कमलेश भैय्यांनी वाकून नाव वाचलं. मग सरळ झाले. "मी खाली चहा सांगून येतो," म्हणाले. चहा आम्ही फोनवर सांगतो. ते जिना उतरून गेले, चपला न घालता.

दुसऱ्याचं सेशन उडवायची आज्ञा एका ओळीची असते.

मी ती लिहिली.

तिला आधी काही विचारावं असं वाटलं. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि मग मी कधीच उठलो नसतो.

मी बटण दाबलं. मशीनने एका अक्षरात उत्तर दिलं, हो.

त्यानंतर सेक्टर ६ ची वही २.० वर आली. चार सेकंद लागले. कूलरचा आवाज येत होता. कमलेश भैय्या तीन चहा घेऊन वर आले, तिसरा त्यांनी कीबोर्डशेजारी झाकून ठेवला, आणि रात्री आठपर्यंत आम्ही सगळं नवीन मशीनवर चढवलं.

शनिवारी मी पुन्हा साडेपाचला उठलो. बाबा गेले होते. चहात आलं टाकून गेले होते की नाही, पाहिलं नाही. पाच चाळीसला स्कूटर आली.

आईने पिशवीत हात घातला. दोन पाकिटं काढली. पुन्हा हात घातला. मग पिशवी उलटी करून झटकली.

"बाबुलाल, एक राह्यलं," ती फाटकातून म्हणाली.

"दोनच लिहून आले वहिनी. मशीननं."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तुम्ही दुकानात शिरता आणि दुकानदार म्हणतो ते आता मिळत नाही, तेव्हा तुम्ही जसं बघता तसं. ती आत गेली. झाडू घेतला नाही. ओट्यापाशी पाटावर बसली आणि दूध उतू गेलं तरी बसून राहिली. मी गॅस बंद केला. धुकं घरात येत होतं, तिला थंडी वाजत होती, म्हणून मी पुढचं दार लावलं. कडीही लावली.

आठच्या पुढे मी ऑफिसला निघालो. "जाताना दार ओढून घे," आई म्हणाली. तिने मला वर पाहून सांगितलं, पंधरा महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहून. मला वाटलं, बाबा बरोबर होते.

दहाच्या सुमारास बाबांचा फोन आला. ते शिफ्टमध्ये असताना कधी फोन करत नाहीत. मागे रोलचा धडधड आवाज. "तुया आईचा फोन आल्ता," ते ओरडून म्हणाले. "गोंदियाची गाडी किती वाजता आहे विचारून राहिली." त्यांचा आवाज फुटला, तो मशीनमुळेही असेल.

मला रडू आलं. चांगलं रडू. मी डोळे पुसून नव्या मशीनचा लॉग उघडला. पहिल्या दिवशी उघडायचा असतो. कोणी काय विचारलं, मशीनने काय सांगितलं, सगळं ओळीने.

पहाटे ४:०२ ला एक सेशन सुरू झालेलं होतं. नाव अपेक्षा.

पहिला प्रश्न: सडक १, १एला उद्या किती? दोन. कारण? अशी सोय नाही.

सडक १, १बी. किती? एक. कारण? अशी सोय नाही.

१सी. १डी. २ए.

सगळी क्वार्टरं. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न. मशीनला तीनशे बारा घरं विचारायची तर पापणी लवायच्या आत होतात. इथे दोन घरांमध्ये वीस सेकंद जात होते. सडक बदलली की पन्नास. मी हे आकडे किती तरी वेळ बघत होतो. मग कळलं. एका फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत चालत जायला तेवढेच लागतात.

तिला पत्ता माहीत नव्हता. तो जुन्या सेशनबरोबर गेला असणार. ती घर शोधत होती.

बाकीच्या आठांचं लॉगमध्ये काही नाही. त्यांना प्रश्न विचारता येत नव्हते. ते कुठे आहेत मला माहीत नाही. सिंधुताई काकूंच्या घरावरून मी अजून गेलेलो नाही, घरी जायला लांबचा रस्ता घेतो.

सडक ३१, ७ए. वेळ ५:४१. किती? दोन. कारण? अशी सोय नाही.

किती? दोन.

किती? दोन.

तिथे ती पाच मिनिटं तेच विचारत राहिली. मग ओळी संपल्या होत्या. ५:४६ नंतर, म्हणजे साधारण मी दाराला कडी लावली तेव्हापासून, दोन तास छत्तीस मिनिटं काही नाही. त्यानंतर ७बी. वीस सेकंदांनी ७सी.

मी घाईघाईने ७ए समोर हाताने तीन लिहिलं. कायम तीन. तोपर्यंत ती बरीच पुढे गेली होती. नऊच्या आतच तिची आमच्या यादीतली घरं संपली होती आणि ती आमच्याकडे नोंद नसलेली घरं विचारायला लागली होती. प्रत्येक ठिकाणी शून्य. विचारलेल्या घरी ती परत येत नाही.

७बीचा पहिला प्रश्न ८:२२ चा आहे. मी घरून निघालो तो ८:२२ लाच. हे नक्की सांगता येतं, कारण दार ओढताना कमलेश भैय्यांचा फोन आला आणि फोनवर वेळ आहे. मी दार ओढलं, पायरी उतरलो, फाटकाबाहेर आलो. आणि फाटक हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो, मागून कोणी येत असलं की आपण राहतो तसा. मग लावून घेतलं.